रकान्याबाहेरचे पीक

झाडाचे पान उन्हावर जगते हे आपण सारेच जाणतो. परंतु ऊन फार झाले म्हणजे जास्तीचा प्रकाश ते उष्णतेच्या रूपाने टाकून देते, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. ढगाची सावली आली तरी ही टाकाटाक लगेच थांबत नाही. मध्ये काही मिनिटे जातात, आणि हाती आलेला थोडका प्रकाशही तेवढ्यात वाया जातो. इलिनॉय विद्यापीठातील स्टीफन लाँग व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली संगणकावर पानांची गणिती प्रतिकृती मांडून या नुकसानीचा हिशेब केला. पुढे तीन जनुकांचा जोर वाढवून त्यांनी तंबाखूची ही दिरंगाई कमी केली, तेव्हा २०१६ साली शेतातील रोपांचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी अधिक भरले. जमीन तेवढीच, पाणी तेवढेच आणि पीक मात्र अधिक, ही आशा त्यातून बळावली.

गणिताला नावे ठेवण्याची रीत आम्हांस मान्य नाही. फसणारे प्रयोग शेतकऱ्याच्या वावरात फसण्यापेक्षा संगणकात फसलेले केव्हाही बरे. परंतु २०२० साली जर्मनीतील संशोधकांनी हाच बदल अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपात केला, तेव्हा त्याचे वजन वाढण्याऐवजी घटले. मग ती दिरंगाई म्हणजे आळस की सावधपणा? प्रतिकृतीत जे घातले असेल त्याचेच उत्तर ती देणार.

आम्हां कचेरीतल्या माणसांस हे नवे नाही. अर्जात ज्या गोष्टीस रकाना नाही, ती अर्जदाराने कितीही तळमळून सांगितली तरी फाइलीपुरती घडलेलीच नसते. आणि रकाने आखणाऱ्याला त्या अर्जदाराच्या घरी राहावयाचे नसते! आमच्या मते नीतीचा प्रश्न आहे तो येथे. १९६४ साली आलेल्या सी. एस. एच. १ या संकरित ज्वारीने दाण्याचे उत्पन्न वाढविले. पण ताट ठेंगणे, म्हणून कडबा कमी. दाणे मोजणाऱ्यास ती सर्वस्वी जीत वाटली. ज्याच्या गोठ्यात बैलजोडी होती त्याचा हिशेब निराळा होता, आणि तो चुकीचाही नव्हता.

ज्वारीची अशी प्रतिकृती जो कोणी मांडील त्याने कडब्याचा, पावसाने दडी मारलेल्या वर्षाचा आणि जमिनीच्या कसाचा रकाना आरंभीच घालावा. आणि त्यांतल्या कशाला किती वजन द्यावयाचे, हे ठरविताना कोरडवाहू शेतकऱ्यास शेजारी बसवून घ्यावे, एवढे आमचे मागणे आहे.