उन्हाची कमाई आणि शेजाऱ्याचा हिशेब

सूर्याचे ऊन कोणा मनुष्याच्या कष्टांचे फळ नव्हे; ते देवाने सर्वांस सारखेच दिले आहे. मग जो मनुष्य आपल्या छपरावर पडलेल्या उन्हापासून वीज करून, घरात लागून उरलेली वीज देऊन पैसा मिळवितो, तो न्यायाने वागतो काय? गुहागर तालुक्यातील हेदवीसारख्या गावी, जेथे पुष्कळ घरांतील कर्ती माणसे मुंबईस असतात व घरी विजेचा खप थोडा, तेथे हा प्रश्न केवळ वादापुरता राहिलेला नाही.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना सुरू केली. तीत ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक शक्तीची सौर पॅनेल बसविणाऱ्या कुटुंबास ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरविले गेले. स्वच्छ उन्हात १ किलोवॅटपासून दिवसास सुमारे ४ युनिट वीज होते. घरी दोन्ही दिशांनी मोजणारे मीटर बसते; दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री लागेल ती तारेतून येते, व फरकाचे बिल होते. चैत्र-वैशाखात साठलेली युनिटे पुढे ओढली जातात, आणि आषाढ-श्रावणात आभाळ उघडत नाही तेव्हा ती कामी येतात. मार्चअखेर जी उरतील, त्यांचे मोल ठरलेल्या दराने मिळते.

आता कित्येक म्हणतील की, फुकट मिळालेले विकणे हा लोभच होय. परंतु हापूस आंब्याचा विचार करा. त्यातही ऊन व पाऊस फुकटचाच आहे. तरी बागाइतदाराने पेटी विकली म्हणून त्यास कोणी लोभी म्हणत नाही. त्याने कलम लावले, राखण केली, वाया जाण्याचा धोका पत्करला. त्याचे ते मोल आहे. पॅनेल बसविणाराही भांडवल घालतो, कर्ज फेडतो, वादळाचा धोका सोसतो. म्हणून ही कमाई स्वभावतः अशुद्ध नाही, हे आम्ही निःसंकोच म्हणतो.

तथापि येथेच थांबणारा अर्धाच हिशेब करतो. ह्याच तालुक्यात दाभोळ वीज प्रकल्प १९९९ साली वीज देऊ लागला आणि दराच्या व देण्याच्या तंट्यात २००१ साली बंद पडला. त्यावरून एवढे तरी शिकावे की, वीज विकणाऱ्यास जो पैसा मिळतो, तो कोणा तरी घेणाऱ्याच्या पदरचा असतो. आपली शिल्लक वीज ज्या तारेतून जाते, ते खांब, त्या तारा व ते ट्रान्सफॉर्मर सर्व ग्राहकांच्या बिलांतून राखले जातात. ज्याचे कौलारू घर फणसाच्या दाट सावलीत आहे, किंवा ज्यास पॅनेलचे पैसे उभे करणे जमत नाही, तो शेजारीही त्या खर्चाचा भार वाहतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात आणा. तार मेली म्हणजे बॅटरी नसलेल्या घरचे सौर यंत्रही आपोआप बंद पडते. छपरावर लख्ख ऊन असले तरी घरात दिवा लागत नाही. असे मुद्दाम केले आहे, अशासाठी की तुटलेली तार जोडणाऱ्या वायरमनचा जीव आपल्या विजेने जाऊ नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने ह्या जिल्ह्याच्या उत्तर भागात खांब आडवे केले, तेव्हा ते पुन्हा उभे करणारे हातच प्रकाश आणणारे ठरले. तेव्हा “माझे छप्पर, माझी वीज” असे म्हणणाऱ्याने, आपला प्रकाश दुसऱ्यांच्या श्रमांवर टांगलेला आहे हे विसरू नये.

मग करावे काय? कमाई सोडावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु बिलातील स्थिर आकार पाहून कुरकुर करू नये. तो सामाईक तारेचा वाटा आहे. गरज पाहून पॅनेल बसवावे. केवळ विक्रीच्या आशेने कर्ज वाढवू नये, कारण वर्षअखेरचा दर आपण वीज घेताना देतो त्याहून बहुधा कमीच असतो. परवान्यावाचून शेजाऱ्यास तार ओढून वीज विकणे कायद्यास धरून नाही. परंतु त्याचे इन्सुलिन आपल्या फ्रिजमध्ये ठेवण्यास किंवा त्याचा फोन चार्ज करून देण्यास कोणता कायदा आड येतो? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे शेत मालकाचेच असे, तरी त्याचे कोपरे गरिबांसाठी राखावे लागत. आणि ज्यास लिहितावाचता येते त्याने गरीब शेजाऱ्याचा अर्ज भरून द्यावा. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. ते एकाच श्रीमंत घराच्या छपराने झाले नाही.

प्रिय वाचकहो, मीटर आपल्या घरून किती युनिटे गेली ते मोजते. ज्याच्या घरी ती गेली त्याची आठवण मात्र ते ठेवीत नाही. तो हिशेब आपला आपणच ठेवला पाहिजे.