ट्रॉम्बेचा ट्रिटियम

तापीचं पाणी घ्या, नाहीतर कोरीट गावच्या एखाद्या विहिरीचं. त्यातल्या हायड्रोजनच्या साधारण ६,५०० अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा निघतो. निसर्गात हे प्रमाण फारसं हलत नाही. म्हणून कोल्ड फ्यूजनचे, म्हणजे साध्या तापमानाला केंद्रकं जुळतात या दाव्याचे समर्थक 'समस्थानिकांचं प्रमाण बदललं' हा पुरावा हुकमाच्या एक्क्यासारखा टाकतात. उष्णता मोजण्यात चूक होईल, पण समस्थानिक बदलले म्हणजे केंद्रकीय क्रिया घडलीच, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो अर्धाच पटतो.

कारण अलिबागजवळच्या थळला जड पाण्याचा कारखाना आहे. शेजारच्या खत कारखान्यातला वायू तिथे अमोनियाच्या सान्निध्यात आणतात आणि या देवघेवीत ड्युटेरियम एका बाजूला साठत जातो. प्रमाण हजारो पटींनी बदलतं, केंद्रक एकही बदलत नाही. हायड्रोजनसारख्या हलक्या मूलद्रव्यात हे सहज घडतं.

हे ध्यानात ठेवून १९८९ कडे पाहावं. २३ मार्चला फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी युटात कोल्ड फ्यूजन साधल्याची घोषणा केली. ट्रॉम्बेतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी लगोलग डझनभर गट कामाला लावले. एप्रिलमध्येच न्यूट्रॉन दिसल्याची नोंद झाली, पाठोपाठ ट्रिटियमही, म्हणजे हायड्रोजनचा आणखी जड समस्थानिक. गंमत इथेच आहे. ड्युटेरियमची दोन केंद्रकं जुळली की जवळपास निम्म्या वेळा ट्रिटियम आणि निम्म्या वेळा न्यूट्रॉन मिळायला हवा. ट्रॉम्बेच्या मोजणीत मात्र एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे अणू कोटींच्या घरात होते. पाठ्यपुस्तकाला न जुळणारा हा आकडा त्यांनी दडवला नाही. मला तो त्यांच्या प्रामाणिकपणाचा दाखला वाटतो. फ्यूजनचा दाखला मात्र नव्हे.

आक्षेप उघड होते. अणुभट्टीत वापरलेल्या जड पाण्यात ट्रिटियम तयार होतच असतो, आणि ट्रॉम्बेत अणुभट्ट्या हाकेच्या अंतरावर. शिवाय प्रयोग विद्युत-अपघटनाचा, आणि त्यात हलका हायड्रोजन आधी निघून जातो, जड मागे राहतो. म्हणजे नुसती वीज सोडत राहिलं तरी ट्रिटियमची घनता चढते. हा चढ हिशेबात धरूनही वाढ उरते, असं ट्रॉम्बेच्या मंडळींचं म्हणणं. त्याहून बोलका पुरावा टायटॅनियमच्या चकत्यांचा. ड्युटेरियम वायू शोषवलेल्या या चकत्या एक्स-रे फिल्मवर ठेवल्या, तेव्हा काही चकत्यांचे विखुरलेले ठिपके उमटले. वायूच दूषित असता तर सगळीकडे सारखा डाग दिसायला हवा होता, हा त्यांचा मुद्दा बिनतोड नाही, पण झटकून टाकण्याजोगाही नाही. धातूने वायू जागोजाग कमी-जास्त शोषला असेल तर?

जड मूलद्रव्यांत अशी आपोआप वेचणी अवघड, म्हणून तिथला पुरावा अधिक भक्कम वाटतो. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे कोल्ड फ्यूजनचा दावा करणाऱ्या आंद्रेआ रॉसीच्या यंत्राची चाचणी झाली. यंत्रात भरलेल्या निकेलच्या भुकटीच्या उरलेल्या राखेतल्या नमुन्यात निकेल-६२ चं प्रमाण, जे निसर्गात जेमतेम ३.६ टक्के असतं, ते ९८ टक्क्यांपुढे गेलेलं आढळलं. थक्क व्हावं असा आकडा! पण भुकटी भरताना आणि काढताना रॉसी स्वतः हजर होता, आणि शुद्ध निकेल-६२ विकत मिळतं. इथे वस्तुमानमापक यंत्र कितीही अचूक असो, खरा प्रश्न नमुना कोणाच्या हातातून गेला एवढाच.

ट्रॉम्बेवर असा संशय कोणी घेऊ नये. तिथली उणीव वेगळी आहे: तपास शेवटाला गेला नाही. १९९० मध्ये अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि पुढच्या काही वर्षांत काम ओसरलं. गूगलच्या पैशावर चाललेल्या गटाने २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये कोल्ड फ्यूजनचा पुरावा सापडला नसल्याचं कळवलं, तरी त्याने ट्रॉम्बेच्या चकत्यांचा निकाल लागत नाही. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि क्षय होऊन त्याचा हेलियम-३ होतो. म्हणून ठिपके उमटलेल्या आणि न उमटलेल्या चकत्या, कुठली कोणती हे न सांगता, मोहोरबंद करून दोन परक्या प्रयोगशाळांकडे द्यायच्या, आणि वर्षभराने त्यांतला हेलियम-३ मोजायला लावायचा.