नाव, शिक्का आणि शब्द

कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावी शासन दोन भाषांत बोलते. पहिली भाषा कचेरीच्या सूचनाफलकावर वाचावयास मिळते : ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘कळविण्यात येत आहे’. दुसरी भाषा फलकापासून शंभर पावलांवर, चहाच्या टपरीवर ऐकू येते : ‘वरून फोन आला’, ‘साहेबांनी शब्द टाकला’, ‘त्यांचा शब्द खाली पडत नाही’. पहिल्या भाषेत कर्ता व्याकरणाच्या आधाराने लोपलेला असतो. दुसरीत तो ‘वरून’ या एका अव्ययात विरून गेलेला असतो किंवा ज्याचे नाव घेण्याची गरजच नाही असा ‘साहेब’ होऊन बसतो. निर्णय आहे, परिणाम आहे. निर्णय करणारा तेवढा हाती लागत नाही. अनिर्वाचित सत्ता आणि अदृश्य प्रभाव यांचा विचार आपण सहसा राज्यशास्त्राकडे सोपवून मोकळे होतो. वस्तुतः हा प्रश्न कर्तृपदाचा, म्हणजे भाषेचा आहे; आणि कर्तृपदाचा असल्यामुळेच तो नैतिकही आहे, असे येथे सुचवावयाचे आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. ‘अनिर्वाचित’ आणि ‘अदृश्य’ ही विशेषणे आपण एका श्वासात उच्चारतो, जणू एक आले की दुसरे येणारच. पण न्यायाधीश, जिल्हाधिकारी, गटविकास अधिकारी यांपैकी कोणालाही लोकांनी मते दिलेली नसतात आणि तरीही त्यांची सत्ता अदृश्य नसते. मार्च २०२२ मध्ये सांगली जिल्हा परिषदेची व तिच्याबरोबर तालुक्यांच्या पंचायत समित्यांची मुदत संपली. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबल्या. जिल्हा परिषदेचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे आणि पंचायत समितीचा गटविकास अधिकाऱ्याकडे, ‘प्रशासक’ या नात्याने, तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. चार महिन्यांत निवडणुका घ्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये द्यावा लागला. लोकशाहीच्या दृष्टीने ही स्थिती गंभीर होती, यात शंका नाही. पण प्रशासकाची सही प्रत्येक कागदावर होती. ती कोणाची आहे हे कळत होते आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येत होती. मतदाराचा हक्क येथे स्थगित झाला होता. प्रश्न विचारणाऱ्याचा हक्क पूर्णपणे संपलेला नव्हता. हे दोन हक्क वेगळे आहेत, आणि दुसऱ्याचा विचार आपल्याकडे कमी झाला आहे.

सत्ता ज्याच्या नावाने चालते तो आणि सत्ता प्रत्यक्षात चालवितो तो, हे दोघे भिन्न असणे ही काही आजची गोष्ट नव्हे. मराठी राज्याच्या इतिहासात तिचा पुरावा धातूत कोरलेला आहे. पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी छत्रपतींचे नाव येते आणि त्यानंतर ‘मुख्य प्रधान’ म्हणून पेशव्यांचे. १७४९ च्या डिसेंबरात साताऱ्यास शाहू महाराजांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, कवठे महांकाळपासून फार दूर नसलेल्या सांगोल्यास, रामराजांकडून ज्या व्यवस्थेला मान्यता घेण्यात आली तिने राज्यकारभाराची सूत्रे साताऱ्याहून पुण्याकडे नेली. शिक्क्याच्या मजकुराचा साचा मात्र तसाच राहिला. आज मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयाच्या अखेरीसही ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्द असतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ नेच तशी तरतूद केली आहे. दोन्ही ठिकाणी नाव एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा. तरीही दोहोंत मोठे अंतर आहे. राज्यपालांच्या नावामागे कोणते मंत्रिमंडळ उभे आहे हे घटनाच सांगते, आणि त्या मंत्रिमंडळाला विधानसभेत जाब विचारता येतो. शिक्क्यामागील प्रधानाला ‘का?’ असे विचारण्याची जागा साताऱ्यात उरली नव्हती. तेव्हा नावाआड राहणे हा स्वयमेव दोष नव्हे; प्रश्नाची जागा नाहीशी होणे हा दोष आहे.

मराठी नाटकाने हे फार पूर्वी ओळखले होते. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकाची चर्चा त्यातील इतिहासाच्या खरेखोटेपणात पुष्कळ अडकून पडली. त्यातील सत्तेची रचना मात्र आजही नीट वाचली जात नाही. कोतवाली घाशीरामाची आहे. दहशत त्याच्या नावाने बसते, शाप त्याच्या नावाने दिले जातात. नाना केवळ इच्छा धरतो. वेळ येताच तो घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो आणि स्वतः निष्कलंक उरतो. रंगमंचावरची माणसांची भिंत कधी आड येते, कधी बाजूला सरते. ती सत्तेला लपविते आणि आपण लपवीत आहोत हे दाखवितेही. अदृश्य सत्तेचे मर्म येथे आहे : तिला गुप्ततेपेक्षा मध्यस्थाची गरज अधिक असते. सही करणारा हात वेगळा ठेवता आला की बोलणारे तोंड सुरक्षित राहते.

याच्या अगदी उलट भासणारे उदाहरण म्हणजे १९९५ साली महाराष्ट्रात सत्तेवर आलेले युतीचे शासन. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि शासनाचा ‘रिमोट कंट्रोल’ आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीरपणे सांगितले. त्यांनी स्वतः कधी निवडणूक लढविली नव्हती, शासकीय पद घेतले नव्हते. येथे लपविलेले काही नव्हते; उलट सत्तेचे स्थान अभूतपूर्व स्पष्टतेने घोषित झाले होते. मग नैतिक आक्षेप कशाला घ्यावयाचा? आक्षेप असा की घोषणा म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. मुख्यमंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारता येत होता, पण उत्तर ज्याच्याकडे होते तो सभागृहात नव्हता. पुढे २००४ मध्ये केंद्रात सोनिया गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सल्लागार परिषद स्थापन झाली तेव्हा विरोधकांनी तिच्यावरही घटनाबाह्य सत्ताकेंद्र म्हणून टीका केली. तिच्या शिफारशी मात्र कागदावर येत होत्या, एवढा फरक नोंदविणे न्यायाचे ठरेल. कोणताही पक्ष या प्रश्नापासून मुक्त नाही, आणि म्हणून तो पक्षीय वादाच्या बाहेर नेऊनच तपासला पाहिजे.

निवडून येण्याने हा प्रश्न सुटत नाही, हे पाण्याच्या व्यवहारात सर्वांत स्वच्छ दिसते. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अस्तित्वात आले. हे प्राधिकरण नियुक्त, म्हणजे अनिर्वाचित. पण पाणीवाटपाचे निकष मांडणे आणि संबंधितांचे म्हणणे ऐकणे हे त्याच्याकडून अपेक्षित होते. त्याच काळात जलसंपदा मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील एक उच्चाधिकार समिती सिंचनासाठी राखलेले पाणी उद्योगांकडे व शहरांकडे वळवीत होती. समितीतील मंत्री निवडून आलेले होते. पण ज्या शेतकऱ्यांचे पाणी वळविले जात होते त्यांना त्या बैठकीत स्थान नव्हते. २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय पाणीवाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि पूर्वीच्या निर्णयांना मागाहून वैधता देण्यात आली. ‘लोकनियुक्त सरकारनेच असे निर्णय घ्यावेत’ हा त्यामागील युक्तिवाद ऐकावयास निर्दोष वाटतो. पण येथे अनिर्वाचित संस्थेचे दार निदान कायद्याने उघडे होते आणि निर्वाचितांचे बंद होते. लोकांनी दिलेले मत हे लोकांना न ऐकण्याचा परवाना म्हणून वापरले गेले. म्हणून सत्ता कोठून येते, एवढेच विचारणे पुरेसे नाही; ती कोणासमोर उभी राहते, हेही विचारले पाहिजे.

याच दुष्काळी पट्ट्यातील एक जुनी संहिता या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) कारभारी कोणी निवडून दिलेला नाही. औंध संस्थानाने पाठविलेल्या तरुण मास्तरालाही गावाने निवडलेले नाही. तरीही गावगाडा या दोघांच्या शब्दावर चालू लागतो. मास्तर पत्रे लिहितो, भांडणे मिटवितो, तालीम उभी करवितो. ही सत्ता अनिर्वाचित, अलिखित आणि केवळ ‘शब्दा’ची आहे. पण ती अदृश्य नाही. कारभारी ज्यांच्याविषयी निर्णय देतो त्यांच्याच समोर त्याचा दिवस जातो. दुष्काळ त्यालाही सोडत नाही. मास्तराच्या वर्तनाविषयी शंका येते तेव्हा तिचा ताप मास्तराला समोरासमोर सोसावा लागतो. येथे उत्तरदायित्व कायद्याचे नसून सहवासाचे आहे. या जगाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही : त्यात जात होती, भय होते, आणि स्त्रीला आपली बाजू मांडण्याची जागा नव्हती. मुद्दा एवढाच की त्या सत्तेला ‘वरून’ येता येत नव्हते.

आधुनिक शासनात कारभाऱ्याचा शब्द उरला, सहवास मात्र गेला. आणि तरीही लोक त्या शब्दामागे धावतात, ही गोष्ट तुच्छतेने पाहण्यासारखी नाही. म्हैसाळला कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून मिरज, कवठे महांकाळ, जत या भागांत आणले जाते. पंप केव्हा सुरू होतील, आवर्तन किती दिवस चालेल, ओढ्याला पाणी सुटेल की नाही, यावर द्राक्षबागेचे वर्ष अवलंबून असते. ज्याची बाग वाळत आहे त्याला नियमावलीची प्रत देऊन काय उपयोग? कोणीतरी शब्द टाकला, पाणी आले, बाग वाचली. त्याच्या लेखी हेच शासन. रुग्णालयातील खाट, मुलाचा प्रवेश, अडलेला दाखला या साऱ्यांची कथा हीच आहे. शिक्का जेथे पोहोचत नाही तेथे शब्द पोहोचतो, हा अदृश्य प्रभावाच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद होय, आणि तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

पण पाणी शब्दाने आले की ते उपकार होते. नियमाने आले असते तर हक्क ठरले असते. उपकृत माणूस आभार मानू शकतो, परतफेड करू शकतो. प्रश्न विचारू शकत नाही. पुढल्या वर्षी पाणी आले नाही तर तक्रार कोठे करावयाची? जो शब्द टाकलाच गेला नाही, त्याविरुद्ध अपील नसते. शिवाय आपल्या शेतात पाणी आणणारा शब्द कालव्याच्या शेपटाकडील कोणाचे तरी पाणी तोडून आलेला असू शकतो, आणि ते आपल्याला माहीत नसणे आपल्या सोयीचे असते. अदृश्य सत्तेचा खरा अपाय असा आहे. ती सत्ताधाऱ्याला भ्रष्ट करते, हे तर झालेच; ती नागरिकाला याचक करते आणि मग याचकाला भागीदार करून घेते.

कान्टने १७९५ मधील आपल्या चिरंतन शांतीवरील निबंधात एक कसोटी दिली आहे : इतरांच्या हक्कांवर परिणाम करणारी जी कृती आपले सूत्र उघड करताच असाध्य होते, ती अन्याय्य समजावी. आपल्याकडील माहितीच्या अधिकाराचे कायदे, राज्याचा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा, याच कसोटीचे व्यावहारिक रूप आहेत. पण त्यांची मर्यादाही तेथेच आहे. फाइलीवरील टिपणी मागता येते. फोनवरील शब्द मागता येत नाही. या दृष्टीने टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑक्टोबर २०१३ चा निर्णय महत्त्वाचा आहे. सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, असे आदेश लिखित रूपात नोंदवावेत, असे न्यायालयाने त्यात म्हटले. सत्तेच्या बोलीला सत्तेच्या लिपीत आणण्याचाच हा आग्रह होता. तो कितपत पाळला जातो हे कोणत्याही कचेरीच्या दारात थोडा वेळ उभे राहून ताडता येईल.

‘सर्वांना माहीत आहे’ हे वाक्य अशा वेळी नेहमी ऐकू येते. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये केलेल्या ‘सिंहासन’ या चित्रपटातील पत्रकार दिगू टिपणीसलाही सारे माहीत असते. आणि शेवटी त्याचा तोल जातो. माहीत असणे आणि विचारता येणे यांतील दरी त्याला गिळून टाकते. साहित्याने या दरीचे वर्णन उत्तम केले आहे. समीक्षेने मात्र स्वतःच्या घरातही पाहिले पाहिजे. अभ्यासक्रम ठरविणारे, पारितोषिके देणारे, हस्तलिखिते स्वीकारणारे किंवा परत पाठविणारे आपणही कोणी निवडून आलेले नसतो. नावानिशी लिहिलेला प्रतिकूल अभिप्राय ही सत्ताच. पण तिला उत्तर देता येते. समितीच्या बैठकीपूर्वी टाकलेल्या शब्दाला उत्तर नसते. ‘निर्णय घेण्यात आला’ हे वाक्य आपणही लिहितो. त्याचा कर्ता कोण, हे विचारण्याची सुरुवात आपल्या स्वतःच्या वाक्यांपासून करता येईल.