स्वस्त आणि महाग

पिट्सबर्गला धाकट्या बहिणीच्या घरी पोहोचून मला चार दिवस झाले असतील. सकाळी उठून पाहतो तो आमचे मेहुणे स्वयंपाकघरात सिंकखाली उताणे पडलेले, आणि बहीण हातात विजेरी धरून उभी. नळ गळत होता. मी म्हटले, “अगं, एखादा प्लंबर का नाही बोलावत?”

“दादा, प्लंबर नुसता दारात उभा राहिला की शंभर डॉलर. नळाला हात लावायचे निराळे.”

त्याच रविवारी तिने मेहुण्यांचे केसही घरीच कापले. कातरी चालवताना ती माझ्याकडे बघून हसत होती. मला मात्र हसू येईना. मी मनातल्या मनात शंभराला पंच्याऐंशीने गुणत होतो. परदेशी गेलेला आपला माणूस पहिले काही दिवस डोळ्यांनी पाहत नाही, पाढ्यांनी पाहतो.

हळूहळू पाढा सुटला आणि दिसू लागले. त्या गावात वस्तू स्वस्त आहेत आणि माणसाचा हात महाग आहे. मिक्सर बिघडला तर तो दुरुस्त करणारा शोधण्यापेक्षा नवा आणणे परवडते. शर्ट विकत घेणे सोपे. त्याला इस्त्री करून देणारा मिळणे कठीण. आपल्याकडे नेमके उलटे. आम्ही दहा वर्षांचा मिक्सर चौथ्यांदा दुरुस्त करून आणतो, कारण दुरुस्त करणाऱ्याचा अर्धा दिवस आम्हांला शेदीडशे रुपयांत मिळतो.

मला हे फार आवडले. जिथे माणसाचा हात महाग, तिथे माणसाला मान असला पाहिजे, असा सिद्धान्त मी मनाशी बांधून टाकला. गावी परतल्यावर शाळेत मुलांना काय सांगायचे, तेही ठरवून ठेवले. परंतु शिक्षकाने घाईने बांधलेला सिद्धान्त फार दिवस टिकत नाही.

एका संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला गेलो. बिल आल्यावर मेहुण्यांनी त्यात वीस टक्क्यांची भर घातली. मला वाटले, मोठेपणासाठी. ते म्हणाले, “नाही हो, हा तिचा पगारच आहे.” मग कळले ते असे. तासाला ७.२५ डॉलर ही किमान मजुरी अमेरिकेच्या केंद्र सरकारने २००९ साली ठरवली, आणि पेनसिल्व्हेनिया राज्यात २०२५ साल उजाडले तरी कायद्यात तोच आकडा होता. पुष्कळ दुकाने प्रत्यक्षात याहून अधिक देतात, हे खरे. पण जिला बक्षिशी मिळते त्या वाढपिणीला मालकाने २.८३ डॉलर दिले तरी चालते. उरलेले गिऱ्हाइकांच्या मर्जीतून भरून यावे. म्हणजे प्लंबरचा हात महाग आणि वाढपिणीचा स्वस्त. हात सगळे सारखे नव्हतेच.

बहिणीचे घर जुने, विटांचे, टेकडीवरचे. पुढे ओसरी, मागे थोडेसे गवत. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या मानाने पिट्सबर्गमध्ये घरे स्वस्त, असे तिने मला आधीच फोनवर अभिमानाने सांगितले होते. मी विचारले, “इतके चांगले गाव, नद्या, टेकड्या, विद्यापीठे, मग घरे स्वस्त का?” तेव्हा मेहुणे मला मोनोंगहेला नदीच्या काठी होमस्टेडला घेऊन गेले.

तिथे आता मोठमोठी दुकाने आहेत, चित्रपटगृह आहे, मोटारी उभ्या करण्यासाठी विस्तीर्ण मैदान आहे. आणि एका बाजूला विटांची बारा धुराडी ओळीने उभी आहेत. त्यांच्याखाली भट्टी नाही, त्यांतून धूर निघत नाही. इथला पोलादाचा कारखाना एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाई. तो १९८६ साली बंद पडला. आसपासचे कारखानेही त्याच सुमारास गेले. पिट्सबर्ग शहरात १९५० साली ६ लाख ७६ हजार माणसे राहत होती. २०२० च्या शिरगणतीत ती ३ लाख ३ हजारांच्या आत आली. निम्म्याहून अधिक गाव उठून गेले. काही उपनगरांत गेले, पुष्कळसे पोटामागे दूरच्या राज्यांत. त्यांनी मागे ठेवलेल्या ओसऱ्यांवर आज दुसरी माणसे चहा घेत बसतात. त्या दिवसानंतर बहिणीच्या ओसरीवर बसलो की मला धुराडी आठवत. स्वस्ताई ही नेहमी आकाशातून पडत नाही. पुष्कळदा ती कोणीतरी सोडून गेलेली असते.

होमस्टेडची आणखी एक गोष्ट आहे. १८९२ साली हा कारखाना अँड्र्यू कार्नेगीचा होता. मजुरीचे दर उतरवण्यावरून तंटा पेटला. कार्नेगी स्कॉटलंडमध्ये राहिला आणि कारभार त्याचा भागीदार फ्रिक याच्या हाती होता. ६ जुलैला नदीतून भाडोत्री पहारेकरी आले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली. शेवटी कामगार हरले, त्यांची संघटना मोडली आणि बारा बारा तासांची पाळी पुढे कित्येक वर्षे चालली. नंतर १८९८ साली त्याच कार्नेगीच्या देणगीतून जवळच एक भव्य ग्रंथालय उघडले. त्यात पुस्तके, संगीताचे सभागृह आणि पोहण्याचा तलावसुद्धा. ते अजून उभे आहे.

त्या इमारतीपुढे मी बराच वेळ उभा होतो. पुस्तकावर जगणारा मी माणूस. ग्रंथालय बांधणाऱ्याला वाईट म्हणायला जीभ वळेना. पण बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस रात्री कोणते पुस्तक उघडणार? कार्नेगीने १८८९ साली संपत्तीविषयी लिहिलेल्या निबंधात आपली बाजू मांडून ठेवली आहे. तीच रक्कम थोडी थोडी लोकांच्या हाती दिली, तर ती बहुतेक खाण्यापिण्यातच उडून जाईल. त्यापेक्षा शहाण्या माणसाने ती एकत्र ठेवून सर्वांच्या भल्यासाठी खर्च करावी, असा त्याचा आशय. हा विचार वाचताना तो मला ओळखीचा वाटू लागला. कुठे ऐकला होता, ते मात्र काही दिवसांनी कळले.

ते कळवले माझ्या भाचीने. ती अकरा वर्षांची आहे आणि तिला हिशेबाचे वेड आहे. पेनसिल्व्हेनियात दुधाची किमान किंमत सरकारी मंडळ ठरवते. दुकानदारांनी चढाओढीत भाव पाडला तर गवळी बुडेल, म्हणून त्याहून स्वस्त विकायचेच नाही, असा तिथला कायदा. मला हे नवलाचे वाटले. मी पुन्हा पंच्याऐंशीचा पाढा काढला तेव्हा मेहुणे म्हणाले, “रुपयांत गुणून काही कळायचे नाही. तासांत मोजा. कमीत कमी मजुरी घेणाऱ्याला एक लिटर दुधासाठी किती वेळ राबावे लागते?” भाचीने कागद घेतला. गॅलनभर दूध पावणेपाच डॉलरच्या आसपास, गॅलनचे लिटर पावणेचार. उत्तर आले दहा-अकरा मिनिटे.

“आता तुमच्याकडचं सांग, मामा. तुमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात ना?”

मी सांगितले. महिन्याला बाराशे रुपये, धुणे आणि भांडी, रोज सव्वा तास. दूध साठ रुपये लिटर. ती बराच वेळ मान खाली घालून भागाकार करीत होती. मग म्हणाली, “मामा, माझं काहीतरी चुकलंय. जवळजवळ दोन तास येतात.”

तिचे काही चुकले नव्हते.

मी स्वतःला साधा माणूस समजत आलो आहे. खादीचे दोन झब्बे, एक सायकल, कर्ज नाही, हौस नाही. शाळेत साध्या राहणीवर मी दरवर्षी एक तास घेतो. त्या कागदावर मला प्रथमच दिसले, की माझी साधी राहणी दुसऱ्या एका बाईच्या त्याहून फार साध्या राहणीवर उभी आहे. रोज सकाळी मला लिहायला जे दोन तास निवांत मिळतात, ते मी कष्टाने मिळवलेले नाहीत. ते मला स्वस्तात मिळालेले आहेत. बहिणीला ते मिळत नाहीत. ती स्वतः भांडी लावते, गवत कापते, सिंकखाली विजेरी धरते. अर्थात तिच्या घरातल्या स्वस्त वस्तूही कोणीतरी कुठेतरी केलेल्याच आहेत. तिच्या देशाने स्वस्त हात दूर समुद्रापलीकडे ठेवले. माझे मोरीवर रोज दिसत होते, आणि तरी मला दिसत नव्हते.

कार्नेगीचा विचार ओळखीचा का वाटला, तेही मग उमगले. आमच्या आळीत दर दिवाळीला कामाच्या बाईंना साडी देतात. मीही देतो. “हातात पैसे दिले तर नवरा उडवील, साडी बरी, अंगावर राहते,” हे वाक्य आमच्या ओटीवर किती वेळा उच्चारले गेले असेल! कोट्यधीशाचे ग्रंथालय आणि माझी साडी यांत आकाराचा फरक आहे, जातीचा नाही. मोल कमी दिले की दान देण्याची ऐपत उरते. आणि दान देताना जे बरे वाटते, ते मोल देताना वाटत नाही. म्हणून आपण दान पसंत करतो.

परत आल्यावर मी आणि पत्नीने बसून हिशेब केला. ओढाताण करून अडीच हजार देता येतील असे निघाले. पुरेसे आहेत का? भाचीचा भागाकार पुन्हा केला तर अजून एका लिटरला जवळपास तास लागतो. शिवाय शेजारच्या वहिनी पत्नीला म्हणाल्याच, “तुम्ही भाव बिघडवता बाई.” त्यांचेही चुकले नाही, त्यांच्या घरी एकच पगार आणि दोन आजारी माणसे आहेत. कोणाचे ना कोणाचे ओझे कोणाच्या तरी खांद्यावर जातेच.

पहिल्या तारखेला मी पैसे बाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले. चेहऱ्यावर आनंद दिसेल, अशी माझी अपेक्षा होती. तो दिसला नाही. त्या संशयाने माझ्याकडे बघत म्हणाल्या, “गुरुजी, काम काय वाढवलंय?”

मी म्हटले, “काही नाही. एवढेच आहे.”

त्या क्षणभर थांबल्या, नोटा कनवटीला लावल्या आणि भांड्यांकडे वळल्या. या दिवाळीला साडीही द्यायची का, हे आम्ही अजून ठरवलेले नाही. पत्नी म्हणते, द्यावी. पण त्यांनाच दुकानात नेऊन, त्यांना आवडेल ती.