टोकाच्या शेताचा हक्क

पेणच्या खारेपाटात भातशेती खाडीच्या भरतीला तोंड देत उभी असते. खाडीकडच्या बांधाला उधाणात एक खांड पडली, की खारे पाणी साऱ्या शिवारात शिरते. ज्याने डागडुजीत अंग चोरले त्याचेही पीक जाते, ज्याने मातीच्या पाट्या वाहिल्या त्याचेही. म्हणून १९७९ च्या खार जमीन विकास कायद्याच्या कितीतरी आधीपासून इथले शेतकरी एकत्र येऊन बांध घालत आणि पाणी सोडायच्या उघाड्या राखत आले.

रोह्यातल्या कालव्यांवर मात्र अशी वचक नाही.

मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरते, डोलवहाळच्या बंधाऱ्याशी अडते आणि कालव्यांनी भाताच्या खाचरांकडे वळते. चारीत गाळ साचला, झाडोरा माजला, अस्तर फुटले, तरी मुखाकडच्या शेताला पाणी मिळतेच. कोरडे राहते ते टोकाकडचे शेत. आपल्या हयगयीची झळ आपल्याला लागत नाही, तिथेच माणसाच्या नीतीची खरी कसोटी असते. शिवाय या पाण्यासाठी मुळशी खोऱ्याने आपली गावे आणि जमिनी गमावल्या. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथले मावळे १९२१ पासून धरणाविरुद्ध सत्याग्रहात उतरले होते. इतकी किंमत मोजून आलेले पाणी फुटक्या चारीतून वाहून जाऊ देणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

यातून वाट काढता येते. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर टोकाला होते, आणि पाणी तिथवर पोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी मोजून घेतले, पाणीपट्टी स्वतः वसूल केली आणि चाऱ्यांची देखभाल अंगावर घेतली. पुढे सारा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या व्यवस्थापनाखाली आला. महाराष्ट्राने २००५ मध्ये अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला.

पण कागदावर नोंदलेली संस्था चारीतला गाळ काढत नाही. रोह्यात उन्हाळी भाताचे पाणी सुटण्याआधी मुखाकडच्या आणि टोकाकडच्या शेतकऱ्यांनी मिळून कालवा शेवटपर्यंत चालून पाहावा, फुटतूट नोंदवावी, पट्टीतला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठी राखावा आणि पाण्याची पहिली पाळी टोकाला द्यावी. बांधावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या पेण-रोह्याच्या या जिल्ह्याला हे अवघड नाही. पहिले पाऊल मुखाकडच्या शेतकऱ्याने उचलायला हवे, कारण पाणी रोखणे किंवा पुढे जाऊ देणे त्याच्याच हाती आहे.