भक्ती महाराजांची, पारख मालिकेची

बुलढाणा जिल्ह्यात ऐतिहासिक किंवा संतचरित्रावरच्या मालिकांविषयी बोलायचं म्हणजे आपल्याच माणसांविषयी बोलायचं. मेहकर तालुक्यातल्या डोणगावसाठी सिंदखेडराजा आणि शेगाव ही दोन्ही जिल्ह्यातलीच गावं: एक जिजाऊंचं जन्मस्थान, दुसरं गजानन महाराजांचं समाधिस्थान. सोनी मराठीवर २०१९ मध्ये ‘स्वराज्यजननी जिजामाता’ सुरू झाली, सन मराठीवर २०२१ मध्ये ‘संत गजानन शेगावीचे’ आली. त्याआधी झी मराठीवर २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ गाजली होती. यातली सरस कोणती, हा वाद अभिनय आणि संवादांपासून सुरू होतो आणि बघता बघता श्रद्धेपाशी येऊन ठेपतो. तिथे तो दोनपैकी एका वाक्याने मिटवला जातो. एक म्हणजे ‘ज्याची त्याची आवड’ आणि दुसरं ‘महाराजांच्या मालिकेला नावं ठेवू नयेत’. पहिलं वाक्य समजूतदार वाटतं आणि दुसरं भाविक, पण दोन्हींमुळे विचार जागच्या जागी थांबतो. माझं म्हणणं असं की मालिकेची पारख करणं भक्तीच्या आड येत नाही. उलट खऱ्या भक्ताने ती केलीच पाहिजे, कारण वंदनीय व्यक्ती आणि तिच्यावर बेतलेलं नाटक यांतला फरक कळणं हा श्रद्धेचाच भाग आहे.

एक प्रसंग जवळून पाहू. १८७८ च्या माघ वद्य सप्तमीला शेगावात देविदास पातूरकरांच्या घरी पंगती उठल्या होत्या. उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या होत्या आणि एक अनोळखी तरुण त्यांतली शितं वेचून खात होता. रस्त्याने येणारे-जाणारे कितीतरी असतील, पण थबकले बंकटलाल आणि दामोदरपंत. नंतर त्याच्यासाठी पाणी आणायला माणूस आत गेला, तेवढ्यात त्याने गुरांसाठी ठेवलेलं पाणी पिऊन तहान भागवली. दासगणूंच्या एकवीस अध्यायांच्या पोथीचं पारायण करणाऱ्या घराघरात हा प्रसंग पाठ आहे. तो पडद्यावर आणायचा कसा? पहिल्याच क्षणी चेहऱ्यामागे तेजोवलय आलं आणि शंख वाजला, तर प्रेक्षकाला सगळं आधीच कळून चुकतं. मग बंकटलालांच्या थबकण्याला काही अर्थ उरत नाही, कारण एवढ्या खुणा दिसल्यावर कोणीही थांबलं असतं. याउलट कॅमेऱ्याने फक्त धूळ, पत्रावळी, शितं आणि वेचणारी बोटं दाखवली, तर क्षणभर प्रेक्षकही त्या गल्लीत उभा राहतो आणि ‘हा कोण?’ हा प्रश्न त्याला स्वतःला पडतो. दुसरी मांडणी श्रेष्ठ आहे, आणि ती मला आवडते म्हणून श्रेष्ठ नाही. त्या प्रसंगाचा गाभाच ओळखण्याचा आहे, आणि पहिली मांडणी नेमका तो गाभा काढून टाकते. हे कारण कोणीही तपासू शकतो, खोडूनही काढू शकतो. पण कारण सांगून झाल्यावर ‘ज्याची त्याची आवड’ एवढंच म्हणणं हे त्याचं उत्तर होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की माणसागणिक आवड बदलतेच. बदलते, आणि हे भरतमुनींनाही माहीत होतं. तरुण, वृद्ध, शूर, विद्वान यांना वेगवेगळ्या गोष्टी रुचतात, असं नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात सांगितलेलं आहे. मात्र भरत तिथे थांबत नाहीत. प्रयोगाची पारख करणाऱ्या प्राश्निकांची ते यादी देतात. यज्ञ जाणणारा, नर्तक, व्याकरणकार, धनुर्धर, चित्रकार, गणिका, राजसेवक असे ज्याच्या त्याच्या क्षेत्रातले जाणते त्यात येतात. रंगमंचावर बाण सुटला तर तो कसा सुटला हे धनुर्धराने सांगायचं. आवडी अनेक असल्या तरी पारख शक्य आहे आणि ती करायला त्या गोष्टीची जाण लागते, हे यातून स्पष्ट होतं. या कसोटीने पाहिलं तर वर्षानुवर्षं पोथी वाचणारी डोणगावची एखादी आजी गजानन महाराजांच्या मालिकेची अस्सल प्राश्निक ठरते. अभिनयाचं शिक्षण तिने घेतलेलं नसेल, पण प्रसंगाचा सूर कुठे बदलला हे तिला चटकन कळतं. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात कलाविचाराचे दोन ध्रुव मानले आहेत: कलाकृतीला तिच्याच नियमांनी पाहणारा स्वायत्ततावाद आणि तिला जीवनातल्या सत्याशी व मूल्यांशी जोडणारा लौकिकतावाद. मालिकांवरचे बरेच वाद या दोन टोकांमध्येच झुलतात. एक जण चित्रणाबद्दल बोलतो, दुसरा इतिहासाबद्दल, आणि आपण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो आहोत हे दोघांच्याही लक्षात येत नाही. एवढं लक्षात आलं तरी निम्मं भांडण मिटेल आणि उरलेलं खऱ्या मुद्द्यावर येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशी चर्चा केली तर भावना दुखावतील, असं म्हटलं जातं. याचं उत्तर ‘तमस’च्या इतिहासात सापडतं. भीष्म साहनींच्या कादंबरीवर गोविंद निहलानींनी केलेली ही फाळणीवरची मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली आणि ती बंद करावी यासाठी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती संपूर्ण पाहिली, मगच निर्णय दिला आणि प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. तसं करताना त्या न्यायालयाने जी कसोटी आधाराला घेतली, ती नागपूर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची होती. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. जागोजागी धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने मोजायचा नाही, असा तिचा आशय आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या त्या न्यायालयाच्या कक्षेत तेव्हा बुलढाणा जिल्हाही होता. म्हणजे ही कसोटी आपल्याच मुलखातून दिल्लीला गेलेली आहे. आधी पूर्ण पाहणं, मग कारण देणं आणि समोरच्याला खंबीर समजणं, या तीन गोष्टी सांभाळल्या तर श्रद्धेच्या विषयावरही वाद घालता येतो.

तिसरा आक्षेप भाविकांचा आहे आणि त्यात तथ्य आहे. मालिका पाहून कोणी महाराजांकडे वळत असेल, तर ती कशी आहे याची चिकित्सा कशाला? १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ लागलं की लोक टीव्हीला हार घालत. तो भाव खोटा नव्हता. पण तो हार रामाला होता. दिग्दर्शनाला मिळालेली ती पावती नव्हती. हा भेद पुसला गेला तर नुकसान धर्माचंच होतं. एकवीस अध्यायांची पोथी एका दिवसात वाचून होते. रोज चालणाऱ्या मालिकेला मात्र महिनोन् महिने पुरेल असा मजकूर लागतो. मग नवे खलनायक, नवी कारस्थानं, नवे चमत्कार रचावे लागतात. नाटककाराला ते स्वातंत्र्य आहेच. परंतु पाहणाऱ्याने पारख सोडून दिली की ही रचना हळूहळू चरित्राच्या जागी जाऊन बसते आणि पुढच्या पिढीला पोथीतला प्रसंग कोणता, पटकथेतला कोणता, हे सांगता येत नाही. मालिकेलाच प्रमाण मानणारा भक्त नकळत महाराजांऐवजी पटकथाकारावर श्रद्धा ठेवू लागतो. जिजाऊ आणि संभाजीराजांच्या बाबतीतही हेच घडतं, फक्त तिथे पोथीच्या जागी इतिहासाची कागदपत्रं असतात.

म्हणून लोकप्रियता, टीआरपी किंवा विषयाचं पावित्र्य यांपैकी काहीही मालिकेच्या गुणवत्तेचं प्रमाण होऊ शकत नाही. प्रमाण होतं ते दाखवता येण्याजोगं कारण. मालिका श्रेष्ठ वाटली तर तिचा एक प्रसंग निवडून तो का श्रेष्ठ आहे हे सांगावं, कमी वाटली तरी तसंच करावं. घरात पोथी असेल तर तो अध्याय काढून दोन्ही शेजारी ठेवावेत. महाराजांना नमस्कार करावाच. मालिकेला मात्र प्रश्न विचारावेत, कारण ती माणसांनी केलेली आहे.