परतफेडीचा हिशेब : पावेल त्रेत्याकोव्ह

संपत्ती आधी मिळवावी आणि उतारवयात तिच्यातील उरलेला भाग लोकहितासाठी द्यावा, ही दातृत्वाविषयीची रूढ समजूत आहे. मॉस्कोचे कापड व्यापारी आणि चित्रसंग्राहक पावेल मिखाइलोविच त्रेत्याकोव्ह (१८३२-१८९८) यांचे जीवन या समजुतीत बसत नाही. १८६० मध्ये, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, त्यांनी केलेल्या मृत्युपत्रात मॉस्को शहरात राष्ट्रीय चित्रसंग्रहालय उभारण्यासाठी दीड लाख रूबल राखून ठेवले होते, आणि तेव्हा त्यांच्या चित्रखरेदीला सुरुवात होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. समाजाकडून मिळवलेले धन एखाद्या उपयुक्त संस्थेच्या रूपाने समाजाकडे परत जावे, हा आपला तरुणपणापासूनचा विचार असल्याचे त्यांनी पुढे मुलीला लिहिलेल्या पत्रात नमूद केले. येथे ‘परत’ हा शब्द निर्णायक आहे, कारण दान देणारा स्वतःला दाता समजतो, तर परतफेड करणारा स्वतःला ऋणको समजतो.

त्रेत्याकोव्ह ज्या वर्गातून आले त्याला रशियात ‘कुपेचेस्त्वो’ म्हणत. हा कायद्याने स्वतंत्र मानलेला व्यापाऱ्यांचा वर्ग पैशाने बळकट असला, तरी प्रतिष्ठेच्या उतरंडीत सरदार-उमरावांच्या खाली होता. घराण्याचा धंदा लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्यापासून विणलेल्या कापडाचा होता, आणि १८६६ मध्ये व्होल्गाकाठच्या कोस्त्रोमा येथे भागीदारीत उभी राहिलेली त्यांची गिरणी पुढे या उद्योगातील मोठ्या गिरण्यांत गणली गेली. उमरावांचा ओढा पश्चिम युरोपातील चित्रांकडे असताना या व्यापाऱ्याने समकालीन रशियन चित्रकारांची निवड केली, विशेषतः १८७० मध्ये स्थापन झालेल्या ‘पेरेद्विझ्निकी’ या संघातील चित्रकारांची. तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्गमधील कला अकादमीच्या शिस्तीपासून स्वतंत्र राहून गावोगावी फिरती प्रदर्शने भरवणारे आणि शेतकरी, कैदी, हमाल यांचे जीवन रंगवणारे हे कलावंत होते.

या निवडीत व्यापाऱ्याची सवय आणि रसिकाची नजर एकत्र काम करत होती. त्रेत्याकोव्ह किमतीबाबत घासाघीस करत, तरीही प्रदर्शन उघडण्याआधीच चित्रशाळेत जाऊन चित्र पसंत करत, त्यामुळे स्वतः झार तिसरा अलेक्झांडर यालाही काही वेळा त्यांच्या मागे राहावे लागे. व्हेरेश्चागिन यांच्या मध्य आशियातील तुर्कस्तानवरील चित्रमालेसाठी त्यांनी १८७४ मध्ये ९२ हजार रूबल मोजले. याच चित्रकाराने रंगवलेला ताजमहालही आज त्यांच्या संग्रहालयात आहे. लेखक, संगीतकार आणि विचारवंतांची व्यक्तिचित्रे त्यांनी मुद्दाम काढून घेतली. पेरोव्ह यांनी रंगवलेले दोस्तोयेव्हस्की (१८७२) आणि क्राम्स्कोय यांनी रंगवलेले टॉल्स्टॉय (१८७३) यांचे चेहरे पुढच्या पिढ्यांना त्या काळाच्या नजरेतून दिसतात, याचे मोठे श्रेय या आग्रहाला आहे. रेपिन यांच्या, मुलाची हत्या करणाऱ्या इव्हान द टेरिबल या पूर्वीच्या झारच्या चित्रावर १८८५ मध्ये झारने बंदी घातली, तेव्हा ते त्रेत्याकोव्ह यांच्या मालकीचे होते आणि काही महिन्यांनी बंदी उठेपर्यंत त्यांनी ते जपले. राजसत्तेला नको असलेले चित्र खासगी संग्राहकाकडे टिकून राहिले, हे त्यांच्या कार्याचे सर्वात मोलाचे अंग मानावे लागते.

तथापि परतफेडीचा हा हिशेब पूर्ण होता काय, हा प्रश्न टाळता येत नाही. ज्या समाजाला चित्रे मिळाली तो मॉस्कोचा होता, आणि ज्यांच्या श्रमांतून नफा झाला ते मुख्यतः कोस्त्रोमाचे गिरणी कामगार होते. रशियात कामाचा दिवस कायद्याने साडेअकरा तासांपर्यंत मर्यादित झाला तो १८९७ मध्ये, त्रेत्याकोव्ह यांच्या मृत्यूच्या सुमारे दीड वर्ष आधी. मूकबधिर मुलांच्या शाळेला त्यांनी दीर्घकाळ दिलेली मदत खरी आहे, पण तीही मॉस्कोतच पोहोचली. त्यांचे ऋण मान्य करणारे मन मोठे होते, परंतु धनको कोण हे ठरवण्याचा अधिकार त्या मनाने स्वतःकडेच ठेवला होता.

लाव्रुशिन्स्की गल्लीतील त्यांच्या घराला जोडलेली दालने १८८१ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुली होती. १८९२ मध्ये भाऊ सेर्गेई यांच्या निधनानंतर त्यांनी दोघांचेही संग्रह मॉस्को शहराला अर्पण केले. त्यांत त्यांची स्वतःची सुमारे १,२८७ चित्रे होती. बोल्शेविक सरकारने व्यापारी वर्गच संपुष्टात आणला आणि १९१८ मध्ये संग्रहालयाचे राष्ट्रीयीकरण केले, पण संग्रहालयाच्या नावातील त्रेत्याकोव्ह हा शब्द मात्र तसाच ठेवला.